घोडा का अडला? सवारीच्या घोड्यांची पाठ, खोगीर आणि ‘नाटकं’

चांदणी_ना (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पोलीस अकादमी, भोसला सैनिकी शाळा, देवळाली कॅम्प आणि आता गंगापूर रोडपासून त्र्यंबक रोडपर्यंत उगवलेले रायडिंग क्लब धरले तर नाशकात घोड्यांशी संबंध असलेली माणसं कमी नसावीत. म्हणून इथे विचारतेय.

रेसमधून निघालेली थरोब्रेड घोडी आहे, कुमैत रंगाची, नऊ वर्षांची. आम्ही तिघं मिळून तिचा खर्च उचलतो. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून तिचं काहीतरी बिनसलंय. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला घेतला की कान मागे, पोट फुगवलेलं, मान वळवून दात. वर बसल्यावर पहिली काही पावलं आखडून टाकते. दुडकी बरी चालते, पण कॅन्टर (दुडकीहून वेगाची चाल) मागितला की शेपूट गरागरा फिरवते आणि मागचे दोन्ही पाय जोडीने टाकते. उजव्या हाताच्या, म्हणजे उजवीकडे वळणाऱ्या गोलात तर कधी कधी सरळ थांबतेच. खरारा करताना खोगिराचं मागचं टोक जिथे येतं तिथे हात गेला की पाठ एकदम खाली सोडते.

क्लबचे प्रशिक्षक म्हणतात, "नाटकं आहेत, दोन चाबूक लाव, सुटेल." मला ते पटत नाही. नेटवर ‘किसिंग स्पाइन’ (पाठीच्या मणक्यांचे काटे एकमेकांना टेकणं) वाचून झोप उडाली आहे. खरंच पाठ असेल का? एक्स-रे काढावा का? नाशकात होतो का?

---

टपरीवरचा

भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? आमच्या आजीचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे.

विनोद सोडा, पण खरंच विचारतो. घोडी दिवसातले किती तास मोकळी असते?

---

चांदणी_ना

मोकळी नाहीच. सकाळी काम, संध्याकाळी मुलांचे लेसन, बाकी वेळ तबेल्यात. पावसात पॅडॉकची काळी माती इतकी चिकट होते की नाल उपटून येते, म्हणून सोडत नाहीत.

---

जुनासवार

फौजेत आयुष्य घोड्यांत गेलं, आता नाशिकरोडला असतो. आमच्याकडे नवा रंगरूट आला की त्याला आधी घोड्यावर बसवत नसत, घोड्याच्या पाठीवर हात फिरवायला लावत. रोज, काम झाल्यावर, खोगीर उतरवल्या उतरवल्या. सूज, गरम जागा, उठलेला केस, काहीही लागलं की तो घोडा दुसऱ्या दिवशी कामाला नाही. वाद नाही.

बाई, एक्स-रे राहू दे बाजूला. आधी खोगीर उलटं करून मांडीवर घे. मधली खाच बघ, दोन्ही गाद्यांच्या मधली. पुढून मागपर्यंत सरळ तीन-चार बोटं जागा पाहिजे. बऱ्याच स्वस्त खोगिरांत ती मागे निमुळती होत जाते आणि नेमकी कण्यावर बसते. मग गाद्या दाब. कुठे लोकर गोळा होऊन दगड झालाय का? डावी-उजवी सारखी आहे का? पुढचा काठ आणि मागचा काठ धरून हलकेच दाब दे. आतली चौकट मोडलेली असेल तर करकरते किंवा नको तिथे वाकते. तसलं खोगीर जाळून टाक, दुसऱ्याला विकू नकोस.

आता घोडीवर ठेव. नमदा (खोगिराखालची घडी) न घालता, तंग न लावता. खोगीर खांद्याच्या फऱ्यामागे बसलं पाहिजे. आपल्याकडे सगळे पुढे सरकवून ठेवतात, मग फरा हलायला जागाच नाही. मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपलं पाहिजे. बरगडी बोटाने चाचपून वर जा, सापडते. मानेनंतरच्या उंचवट्यावर, ज्याला तुम्ही विदर्स म्हणता, खोगिराची कमान दोन-तीन बोटं वर हवी. आणि हे तू वर बसल्यावरही हवं. जमिनीवरून सगळीच खोगिरं छान दिसतात. शेवटी गादीखाली तळहात सरकवत पुढून मागे ने. दाब सगळीकडे सारखा लागतो, की पुढे नि मागे टेकून मध्ये पोकळी आहे? पोकळी असेल तर तुझं सगळं वजन चार ठिपक्यांवर आहे.

रेसच्या थरोब्रेडचा उंचवटा उंच, आणि काम सुटलं की दोन्ही बाजूंचं मांस उतरतं. त्याच खोगिरात आधी मारवाडी जातीचा घोडा चालत असेल तर या घोडीला ते बसणारच नाही. एका तबेल्यात एकच खोगीर सगळ्यांच्या पाठीवर, ही आपली खरी बोंब आहे.

---

येवलेकर

आमचं घर तीन पिढ्या घोड्यांत. येवल्याच्या बाजारात माझे वडील पाठ बघितल्याशिवाय लगामाला हात लावायचे नाहीत. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले की समजायचं, इथे खोगिराने कधीतरी मारलंय. व्यापारी काळा रंग लावून आणतो, आपण ओलं फडकं घेऊन जायचं.

पण दादा, तुम्ही एवढं सांगता तेवढं आम्हाला परवडत नाही. आम्ही नमद्याची अजून एक घडी टाकतो. घोडी गप चालते.

---

जुनासवार

येवलेकर, खोगीर सैल असेल तर घडी चालते, तीही तात्पुरती. खोगीर अरुंद असेल आणि त्याखाली जाड नमदा घातला तर ते आणखी अरुंद होतं. गप चालते म्हणजे दुखत नाही असं नाही. काही घोडी सोसतात, काही बोलतात. चांदणीची घोडी बोलते, हे तिचं नशीब.

पांढऱ्या केसांचं मात्र शंभर टक्के खरं. दाबाने केसाचं मूळ दुखावलं की पुढचा केस पांढरा येतो. आणि कामानंतर घामाकडे बघत जा. सगळीकडे ओलं आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल, तर तिथे एक तर खोगीर टेकतच नाही किंवा इतकं दाबतंय की घाम सुटतच नाही. कोरडं म्हणजे चांगलं, असा बऱ्याच जणांचा समज आहे.

---

पशुवैद्य_निफाड

धागा आत्ता पाहिला. माझं रोजचं काम गाई-म्हशींचं, पण परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात असताना रेसच्या घोड्यांवर बरंच शिकायला मिळालं आणि आता या भागातले काही तबेले बघतो. थोडं लांबेल.

घोड्याच्या पाठीत साधारण १८ मणके छातीचे, म्हणजे बरगड्या लागलेले, आणि ६ कमरेचे असतात. प्रत्येक मणक्यातून वर एक हाडाचा काटा निघतो. तुम्ही विदर्स म्हणून हात लावता तो या काट्यांचाच सगळ्यांत उंच भाग. पुढचे काटे मागे झुकलेले, कमरेचे पुढे झुकलेले, आणि दिशा बदलते ती पंधराव्या-सोळाव्या मणक्याच्या आसपास. म्हणजे स्वाराच्या बुडाखाली. काट्यांमधलं अंतर चार मिलिमीटरपेक्षा कमी झालं की आम्ही ते अरुंद धरतो. काही घोड्यांत ते एकमेकांना टेकतात, घासतात, हाड झिजतं किंवा वाढतं. हेच किसिंग स्पाइन. बहुतेक वेळा तेराव्या ते अठराव्या मणक्यात सापडतं आणि थरोब्रेडमध्ये जास्त. इंग्लंडमध्ये पशुवैद्य लिओ जेफकॉट यांनी पाठीच्या तक्रारींच्या ४४३ घोड्यांचा आढावा १९८० मध्ये छापला, तेव्हापासून हा विषय नीट अभ्यासला जातोय.

आता महत्त्वाचं. ज्यांना काडीचा त्रास नाही अशा कितीतरी घोड्यांच्या एक्स-रेमध्ये हे टेकलेले काटे दिसतात. त्यामुळे नुसतं चित्र बघून "सापडलं!" म्हणणं चूक आहे. चित्रात दिसलं, त्याच जागी हाताला दुखलं, आणि त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिल्यावर घोडी बदलली, असं तिन्ही जुळलं तर ते खरं. म्हणून एक्स-रे शेवटी.

आधी पाय. पाठीच्या दुखण्याचं मूळ पाठीत नसतं असं मी खूपदा पाहतो. मागच्या पायाचा घोटा, म्हणजे हॉक, दुखत असेल तर घोडा तो पाय कमी ढकलतो, कमरेला एका बाजूने ताण येतो आणि काही महिन्यांत पाठ धरते. तुम्ही पाठीला तेल चोळत बसता, दुखणं खाली. कॅन्टरमध्ये मागचे पाय जोडीने टाकणं हे हॉक, माकडहाडाजवळचा सांधा किंवा पाठ, तिन्हींत दिसतं. नालबंदाकडेही बघा. खुराचं पुढचं टोक लांब आणि टाचा दबलेल्या अशी नाल मारली असेल तर पाठ सुधारणार नाही.

तंग आवळताना चावायला येणं हे जठरातल्या व्रणाचंही लक्षण आहे. रेसमधून आलेली, दाणा जास्त, चारा कमी, दिवसभर बांधलेली घोडी म्हणजे व्रणाला आमंत्रण. घोडी माजावर असतानाच हे वाढतं का, हेही टिपून ठेवा. दात बघा.

आणि नाशिकच्या पावसाळ्यात मी अजून दोन गोष्टी मनात धरतो. एक, सर्रा. चावऱ्या माशांतून येणारा रक्तातला परजीवी. ताप येतो-जातो, वजन उतरतं, पायांवर नि पोटाखाली सूज, मागचा भाग लुळा पडल्यासारखा. दुसरी, कुमरी. गाई-बैलांच्या पोटात राहणारा एक बारीक कृमी असतो. त्याची पिल्लं डासांतून घोड्यात जातात आणि वाट चुकून मज्जारज्जूत शिरतात. गोठा आणि तबेला शेजारी-शेजारी असला की धोका जास्त. घोडा मागून डुलत चालत असेल, वळताना पाय आडवे पडत असतील, शेपूट सैल असेल, तर ते खोगिराचं दुखणं नाही. ताबडतोब डॉक्टर.

चांदणी, तुमची घोडी डुलते का?

---

चांदणी_ना

नाही डॉक्टर, डुलत नाही. ताप नाही, खाणं व्यवस्थित. गोठा लांब आहे. माजाचं मात्र कधी लक्ष दिलं नव्हतं.

---

पशुवैद्य_निफाड

मग घाई नाही, पण सवारी थांबवा. चाबूक तर नकोच.

एक काम करा. मोबाइलवर चित्रीकरण करा. समोरून, मागून, बाजूने. सरळ रेषेत चालवताना, दुडकीत, दोन्ही हातांच्या गोलात. आणि सवारीचं जुनं चित्रीकरण असेल तर तेही. स्यू डायसन या ब्रिटिश अश्ववैद्य बाईंनी सवारीखालच्या घोड्याची २४ वागणुकींची यादी केली आहे: कान पाच सेकंदांहून जास्त मागे, तोंड वारंवार उघडणं, शेपूट झटकणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अडणं, चाल बदलताना गडबडणं वगैरे. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर कुठेतरी हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. तुमच्या वर्णनातूनच मी पाच मोजल्या.

---

मखमलाबादी

डॉक्टर लोक फार लांबण लावतात राव. आमच्याकडे बैलाला लचक आली की मेडिकलमधून दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक आणतो, एक टोचलं की दुसऱ्या दिवशी औताला. घोडीला पण चालेल की.

---

पशुवैद्य_निफाड

नाही चालणार, आणि बैलालाही चालत नाही. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे. औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. देशातली गिधाडं यामुळेच संपत आली. माणसांची मोठी बाटली जनावरांना वापरतात म्हणून २०१५ मध्ये ती तीन मिलिलिटरवर आणली. आपल्याच जिल्ह्यात हरसूलकडे खोरीपाड्यात गावकरी आणि वनखातं मिळून गिधाडं जगवतायत, तुम्ही मखमलाबादेत बसून त्यांच्या ताटात हे वाढू नका. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम आहे, ते डॉक्टरकडून घ्या.

दुसरं म्हणजे, दुखणं झाकून काम करून घेतलं तर मूळ जखम वाढते. आणि घोड्याला वेदनाशामकं लांबवली की जठर नि मूत्रपिंड दोन्ही खातात.

---

मखमलाबादी

बरं बाबा. हे गिधाडांचं माहीत नव्हतं.

---

अनघा_देवळाली

माझा मुलगा दहावीत, घोडेस्वारी शिकतो. दोन वर्षांत ताडमाड वाढलाय आणि अजून त्याच छोट्या मारवाडीवर बसतो. किती वजन चालतं घोड्याला? तिथे विचारलं तर "पूर्वी मावळे चिलखत घालून बसायचे" असं उत्तर मिळालं.

---

जुनासवार

ताई, मावळ्यांच्या चिलखतावर वाद घालत नाही. पण एवढं सांगतो, लांब मोहिमेत एकच घोडा मरेस्तोवर चालवणारी फौज टिकत नाही. बदलीचे घोडे असायचे.

ढोबळ हिशेब: घोड्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के, आणि त्यात खोगीर, नमदा, बूट सगळं धरायचं. घोडा लठ्ठ असेल तर त्याची चरबी हिशेबात धरू नका. ती त्याचंच ओझं आहे.

---

पशुवैद्य_निफाड

वजनासाठी टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग. त्याला गुणा लांबीने, म्हणजे खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत. भागा ११,८७७ ने. उत्तर किलोत. उदाहरणार्थ घेर १६८, लांबी १५० आली तर साधारण ३५६ किलो. पाचवा हिस्सा ७१. खोगीर-नमदा मिळून आठ-नऊ किलो गेले, उरले बासष्ट-त्रेसष्ट. ताई, तुमचा मुलगा किती किलोचा?

(हिशेबावर विश्वास नसेल तर कांद्याच्या हंगामानंतर वजनकाटे रिकामे असतात. टेम्पो आधी रिकामा, मग घोड्यासकट.)

---

अनघा_देवळाली

सत्तरच्या वर 😬 उद्याच बोलते.

---

टपरीवरचा

ताई, या हिशेबाने माझ्यासाठी हत्तीच लागेल.

---

येवलेकर

एक विचारतो, रागावू नका. लग्नात नवरदेव नव्वद किलोचा, त्याच्यापुढे भाच्चा, वर जरीचं सामान. आणि लोकांना नाचरी घोडी पाहिजे. त्याचं काय?

---

चांदणी_ना

दादा, खरं सांगू? नाचरी घोडी बघवत नाही मला. डोकं वर बांधलेलं, पाठ खाली पडलेली, कानाशी डीजे. डॉक्टरांनी वर सांगितलं त्यावरून तर वाटतं हेच काटे टेकवायचं काम चाललंय.

---

येवलेकर

ताई, तुमची घोडी तिघांत आहे, माझ्या घोडीवर सहा माणसं जेवतात. वरात तासाभराची, बाकी वर्ष मी तिला रोज सकाळी चालवतो, ती खुंट्याला बांधलेली नसते. तुमच्या क्लबात ती दिवसभर उभी आणि वर मुलं बदलून बदलून. कुणाची पाठ आधी जाईल?

---

पशुवैद्य_निफाड

दोघांचंही बरोबर आहे, आणि दोघांनाही ते आवडणार नाही.

मान वर ओढून बांधली की पाठ खाली पडते आणि काटे जवळ येतात, हे चांदणींचं बरोबर. घोड्याला गळ्याचं हाड नाही, धड पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत लटकतं. वरचं वजन पेलायला पोटाचे स्नायू आवळून पाठ वर धरावी लागते. मान वर, पोट सैल, हे रोज तासन् तास केलं तर पाठीला आधार उरत नाही. पण रोजचं लांब, सावकाश चालणं हा पाठीचा सगळ्यांत स्वस्त इलाज आहे, आणि तो येवलेकरांच्या घोडीला मिळतो, क्लबच्या घोडीला नाही.

येवलेकर, नाच कमी करता येत नसेल तर निदान हे करा. नवरदेवाला जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढवू नका. ओटा किंवा स्टूल ठेवा. खालून चढताना सगळं खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि मणक्याला पीळ बसतो. वाजंत्री थांबली की मान सोडा. वरातीनंतर लगेच टेम्पोत न घालता थोडं मोकळं चालवा. आणि नव्वद किलोला नाही म्हणायला शिका, भाच्च्याला तर नक्कीच.

---

येवलेकर

स्टुलाचं करतो. नाही म्हणायचं मात्र वधूपक्षाने शिकवावं.

---

जुनासवार

चढायच्या ओट्याचं चांदणीच्या क्लबालाही सांगा. आणि लेसनमध्ये दुडकीत उठ-बस करताना पोरं कायम घोड्याच्या एकाच पुढच्या पायाच्या तालावर उठतात. डावा-उजवा बदलला नाही तर महिन्या-दोन महिन्यांत पाठीचं मांस एका बाजूला कमी दिसतं. मागे उभं राहून, स्टुलावर चढून, पाठीवरून पुढे बघा. वाकडी दिसली तर ही गोष्ट आधी तपासा.

---

चांदणी_ना

बरेच दिवसांनी लिहितेय, माफ करा.

जुनासवार काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे खोगीर उलटं केलं. उजव्या गादीत मागच्या बाजूला लोकरीचा गोळा होता, अंगठ्याने दाबला तर हलेना. खाच मागे दोन बोटांवर आली होती. घोडीच्या पाठीवर नेमका त्याच ठिकाणी, कण्याच्या उजव्या कडेला, बोटाच्या पेराएवढा केस उडालेला भाग सापडला. खराऱ्याखाली दिसत नव्हता.

डॉक्टर येऊन गेले. (हेच डॉक्टर नव्हेत, दुसरे.) मागचा उजवा पाय दुमडून धरला आणि सोडून लगेच दुडकीत पळवली, तर लंगडी. हॉक. मग पोर्टेबल मशीनने पाठीचे एक्स-रे काढले. काट्यांचा वरचा भाग आला, दोन ठिकाणी अंतर कमी आहे, पैकी एका जागी हाडाची कड पांढरी दिसते. ते म्हणाले आधी हॉकवर उपचार, खोगीर बदला, पाठीचं नंतर बघू. पण तबेल्यातला एक जण म्हणतो, परदेशात सरळ ऑपरेशन करतात, मुंबईला न्या. डोकं फिरलंय.

---

पशुवैद्य_निफाड

तुमच्या डॉक्टरांनी क्रम बरोबर लावलाय. पोर्टेबल मशीनने काटे दिसतात, खोलवरचे मणके मांसामुळे दिसत नाहीत, पण आत्ता तुम्हाला काटेच बघायचे होते.

ऑपरेशन दोन प्रकारचं. जुन्यात टेकणारा काटा कापून काढतात. नव्यात, २०१२ च्या सुमारास पुढे आलेल्या, दोन काट्यांमधली ताणलेली दोरी, म्हणजे अस्थिबंध, लहान छेदातून कापतात. घोडा उभा ठेवून, गुंगी देऊन होतं. चांगल्या निवडलेल्या घोड्यांत उपयोग होतो. पण हॉक लंगडा ठेवून, खोगीर तेच ठेवून ऑपरेशन केलं तर घोडी त्याच पाठीवर परत येते. आधी दुखऱ्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन दुखणं खाली आणतात आणि त्या मुदतीत स्नायू बांधतात. इंजेक्शन हा इलाज नाही, व्यायामाची सोय आहे.

व्यायाम मात्र आजपासून. गाजर हातात घ्या. घोडी उभी, चारी पाय सरळ. गाजर छातीकडे, मग पुढच्या गुडघ्यांमध्ये, मग पुढच्या खुरांमध्ये खाली. मग डाव्या बाजूला बरगडीकडे, कमरेकडे, मागच्या हॉककडे. मग उजवीकडे. प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबू द्या, हिसका नको. कण्याला चिकटून असलेला खोल स्नायू, मल्टिफिडस, दुखण्यात आटतो आणि आपोआप परत येत नाही. याच व्यायामाने तो तीन महिन्यांत जाड झालेला अल्ट्रासाउंडवर मोजला आहे, आठवड्यातून पाच दिवस केल्यावर. त्यात कुणी स्वार बसलेला नव्हता, हे लक्षात घ्या.

---

जुनासवार

डॉक्टरांशी एका गोष्टीत माझं जमत नाही. गाजरं ठीक, पण घोडी तबेल्यात उभी राहून बरी होत नाही. हॉक सांभाळून हातात धरून चालवा. सरळ, लांब पावलं. डॉक्टरांनी परवानगी दिली की हलका चढ. गंगापूर धरणाच्या बाजूचे सावकाश चढाचे रस्ते याला उत्तम, सकाळी गाड्या सुरू व्हायच्या आत. चढावर घोडा स्वतःच मान खाली घालतो, पाठ वर येते. लंजिंगचा (लांब दोरीवर गोलात पळवण्याचा) लहान गोल नको, हॉकचं वाटोळं होईल. जमिनीवर चार बांबू ठेवून त्यावरून चालवा, पाय उचलते तेव्हा पोट आवळते.

रेस सुटून आलेल्या घोड्यांना आपण लगेच लेसनला जुंपतो. मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, आणि ही पोरं दोन वर्षांची असताना पळवलेली असतात. त्यांना आधी सहा महिने नुसतं चालायला शिकवायला पाहिजे.

---

पशुवैद्य_निफाड

रिसालदारसाहेब, यात मतभेद नाहीच. मी गाजरं म्हणालो, उभं ठेवा म्हणालो नाही 🙂

एक सावधगिरी मात्र. सुट्टी देताना दाणा कमी करा. काम बंद, दाणा चालू, आणि मग एक दिवस एकदम काम, असं झालं की कमरेचे नि पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आखडतात, घाम फुटतो, लघवी गडद तपकिरी होते. लोक पाठीचं दुखणं समजून चालवून मोकळं करायला जातात. तेव्हा एक पाऊलही चालवायचं नाही. जिथे आहे तिथेच उभी ठेवायची, पाणी द्यायचं आणि डॉक्टरला फोन.

---

चांदणी_ना

दाणा आजच कमी करायला सांगते. खोगिराची गादी नव्याने भरायला टाकली आहे. क्लबने तोपर्यंत दुसरं खोगीर देऊ केलं, ते नाकारलं. थोडी वादावादी झाली. प्रशिक्षक अजूनही नाटकंच म्हणतात. मी त्यांना डॉक्टरांचा कागद दाखवला, तर म्हणाले, "कागदावर घोडा बसत नाही."

---

टपरीवरचा

त्यांना सांगा, घोड्यावर कागद बसतो. विम्याचा.

---

अनघा_देवळाली

आमच्याकडचं सांगते. घोडा टेपने मोजला, ३२० किलोच्या आसपास आला. मुलाला मोठ्या घोड्यावर घेतलं. त्याला वाईट वाटलं, कारण तो छोटा त्याचा लाडका. आता त्याला रोज हातात धरून फिरवायला जातो. गाजराचा व्यायाम त्यालाही चालेल का? तो चावतो.

---

पशुवैद्य_निफाड

चालेल. लांब गाजर घ्या, बोटभर नको. आणि मुलाला सांगा, घोड्याच्या समोर नाही, खांद्याच्या बाजूला उभं राहायचं.

---

येवलेकर

माझी घोडी पण मोजली, ३६० च्या आत. दसऱ्याच्या बाजारात येवल्याला कुणी घोडी बघायला येणार असेल तर सांगा, पाठ मी बघून देतो. ओलं फडकं माझ्याकडे असतं.